नव्या मोकळ्या घरासाठी लाकडाचा स्टोव्ह निवडताना: आकार, हवा आणि घरातल्यांचा श्वास

व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन ही अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्ये. तिथे हिवाळा चार-पाच महिने हटत नाही आणि काही रात्री पारा शून्याखाली २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो. अशा ठिकाणी नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाला लाकडाचा स्टोव्ह हवासा वाटतो, यात नवल नाही. लाकूड जवळपास मिळते. वीज गेली तरी घर उबदार राहते. डिसेंबर २००८मध्ये गोठत्या पावसाच्या वादळाने या भागातील लाखो घरांची वीज गेली होती आणि काही ठिकाणी ती परत यायला आठवड्याहून अधिक काळ लागला होता. ज्यांनी ते दिवस काढले, ते घरात स्टोव्ह असावाच असे म्हणतात. शिवाय काचेआडची आग बघत बसणे कोणाला आवडत नाही?

मात्र आजचे नवे घर जुन्या घरासारखे नसते. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि बैठक मिळून एकच मोठे दालन असते. छत दुप्पट उंच, वर झोपायच्या खोल्या, भिंतींत जाड उष्णतारोधक थर आणि वारा शिरायला फट नाही. अशा घरात चुकीचा स्टोव्ह बसवला तर त्याचा त्रास फुप्फुसांना आणि हृदयाला होतो. डॉक्टर म्हणून मला दिसणारी सर्वांत मोठी चूक आधीच सांगतो: लोक गरजेपेक्षा फार मोठा स्टोव्ह घेतात.

चूल आणि स्टोव्ह: धूर घरात कसा येतो?

आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आणि सिगारेटला कधी हातही न लावलेल्या स्त्रियांना सीओपीडी हा श्वासनलिकांचा जुनाट आजार झालेला आपल्याकडील डॉक्टर नेहमी पाहतात. चुलीचा सगळा धूर खोलीतच राहतो. लाकडाचा स्टोव्ह म्हणजे ओतीव लोखंडाची किंवा पोलादाची बंद पेटी. तिला काचेचे दार असते, हवा कमी-जास्त करायला झडप असते आणि वर धुराडे असते. धूर धुराड्यातून बाहेर जातो, म्हणून चुलीशी तिची बरोबरी करता येणार नाही.

तरीही धूर तीन वाटांनी घरात येतो. लाकूड टाकायला दार उघडले की एक झोत खोलीत येतो. घरातील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की धुराड्यातला धूर उलटा खाली ओढला जातो. तिसरी वाट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. थंड, निवांत रात्री आपल्याच धुराड्यातून गेलेला धूर घराभोवती साचतो आणि खिडक्या-दारांतून परत आत येतो.

या धुरातील सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस यांच्यापेक्षा सुमारे तीस पट जाड असतो. हे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि तिथून होणारा दाह रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. म्हणून धुराने दमा उसळतो तसाच हृदयविकाराचा धोकाही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये घालून दिलेली मर्यादा दर घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅम आहे.

मोठा स्टोव्ह का नको?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'घर किती चौरस फुटांचे?' दोन हजारांच्या पुढचा आकडा सांगितला की साठ हजार बीटीयूचा स्टोव्ह दाखवला जातो. साठ हजार बीटीयू म्हणजे सुमारे साडेसतरा किलोवॅट. आता आपल्या घराचे गणित करू.

समजा, घर २०० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २१५० चौरस फुटांचे आहे आणि उष्णतारोधक थर चांगला आहे. अशा घराला अत्यंत थंड रात्री दर चौरस मीटरला ३५ वॅट उष्णता लागते असे धरू. एकूण झाले ७ किलोवॅट. ही गरज बाहेर उणे २० आणि आत २० अंश असतानाची. बाहेर शून्य अंश असेल तर गरज निम्म्यावर येते, म्हणजे साडेतीन किलोवॅट. हिवाळ्यातले बरेच दिवस असेच असतात. त्यातही दक्षिणेकडच्या खिडक्यांतून ऊन येते, स्वयंपाक चालू असतो, माणसांच्या अंगाचीही ऊब असते. साडेतीन किलोवॅटच्या गरजेसाठी साडेसतराचा स्टोव्ह! तुमच्या घराचा खरा आकडा वेगळा असेल. तो वास्तुरचनाकाराकडून किंवा हीटिंगच्या तंत्रज्ञाकडून लेखी मागून घ्या. खोलीनिहाय उष्णतेच्या गळतीचा हिशेब त्यांना करता येतो.

मोठा स्टोव्ह घेतला की काय होते? तासाभरात दालन २८ अंशांवर जाते. घरातले स्वेटर काढतात, मग कोणीतरी उठून हवेची झडप जवळजवळ बंद करते. लाकूड जळायचे थांबत नाही, ते धुमसत राहते. धुमसणारे लाकूड म्हणजे कमी उष्णता आणि कितीतरी जास्त धूर. त्याच लाकडातून जास्त कण बाहेर पडतात, जास्त कार्बन मोनॉक्साईड तयार होतो आणि थंड धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर साचतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. एखाद्या दिवशी मोठी आग केली की हाच थर पेट घेतो आणि धुराड्यालाच आग लागते. रात्रभर ऊब टिकावी म्हणून झोपताना स्टोव्ह लाकडांनी भरून झडप आवळणे ही सवय तर सर्वांत वाईट.

ज्यांच्या घरी पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता, त्यांना हे वेगळे समजावायला नको. बारीक ढलप्या घालून भडकता जाळ केला की बंब धूर न करता झटपट तापायचा. मोठे ओंडके कोंबले की मोरीत धूरच धूर. स्टोव्हचेही तेच आहे. लहान पेटी, कोरडे लाकूड आणि झळझळता जाळ.

म्हणून अशा घरासाठी ५ ते ७ किलोवॅटचा स्टोव्ह पुरतो. अगदी कडाक्याच्या रात्रींसाठी हीट पंप किंवा दुसरी व्यवस्था असावी. सगळे घर एका स्टोव्हवर तापवण्याचा हट्ट नसावा. मोकळ्या दालनात गरम हवा वर छताशी जाते. वरच्या माळ्यावर झोपवत नाही इतका उकाडा होतो आणि दारे बंद असलेल्या कडेच्या खोल्या गारठलेल्याच राहतात. त्यात घराचा थर्मोस्टॅट स्टोव्हच्याच दालनात असेल तर 'घर तापले' असे समजून तो मुख्य हीटिंग बंद करतो. मग आजी-आजोबांच्या खोलीत १२ अंश! थर्मोस्टॅट झोपायच्या खोल्यांकडे बसवून घ्या.

घट्ट घर, फोडणी आणि एक्झॉस्ट पंखा

हा भाग मराठी घरांसाठी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे.

लाकूड जळायला हवा लागते. जुन्या घरात ती फटींतून मिळायची. अमेरिकेत अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या नव्या इमारत नियमांनुसार थंड प्रदेशातील घराची पंख्याने चाचणी घेतात. ५० पास्कल दाबाच्या फरकाला घरातली सगळी हवा तासाला ३ वेळांपेक्षा जास्त बदलता कामा नये, अशी अट असते. हे वीजबिलासाठी चांगले, स्टोव्हसाठी अडचणीचे.

आता आपल्या घरात फोडणी होते, मासे तळले जातात, मिरच्यांचा ठसका उठतो. म्हणून चुलखंडावर दणकट एक्झॉस्ट पंखा बसवतात. मिनिटाला ६०० घनफुटांचा पंखा तासाला हजार घनमीटरहून जास्त हवा बाहेर फेकतो. आपल्या उदाहरणातल्या घरात एकूण हवा साधारण ६०० घनमीटर. म्हणजे तासाच्या आत सगळी हवा बाहेर! तेवढी हवा आत कुठून येणार? घरातला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २० पास्कलने खाली जातो. स्टोव्हच्या धुराड्याची वर ओढण्याची ताकद असते साधारण १० ते २५ पास्कल. या ओढाताणीत बरेचदा पंखा जिंकतो आणि धुराड्यातला धूर खोलीत येतो. वेगळ्या, दार लावलेल्या स्वयंपाकघरात हा परिणाम थोडा तरी अडला असता. मोकळ्या दालनात पंखा आणि स्टोव्ह एकाच हवेवर हक्क सांगतात.

जाळ भडकलेला असताना हे सहसा होत नाही. धोका असतो तो पेटवताना आणि विझत आल्यावर, कारण तेव्हा धुराडे थंड असते. विझत आलेल्या निखाऱ्यांतून धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साईड मात्र येत असतो. रात्रीची भांडी आवरेपर्यंत पंखा चालू आणि स्टोव्हमध्ये निखारे, ही वेळ सर्वांत वाईट.

यावर उपाय आहेत आणि ते घर बांधतानाच करायचे असतात. बाहेरची हवा नळीने थेट पेटीत घेणारा स्टोव्ह निवडा. एक्झॉस्ट चालू होताच बाहेरची हवा आत सोडणारी झडप बसवून घ्या. मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा मोठ्या पंख्याला अशी भरपाईची हवा देणे तिथल्या इमारत नियमांतच आहे, पण ठेकेदाराला विचारल्याशिवाय ते झालेच असे धरू नका. धुराडे बाहेरच्या भिंतीला लागून न नेता घराच्या मधून सरळ वर न्या. आतले धुराडे गरम राहते आणि चांगले ओढते. घर पूर्ण झाल्यावर सगळे पंखे, कपडे वाळवायचे यंत्रसुद्धा, एकाच वेळी चालू करून स्टोव्हच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर खोलीकडे वळला तर स्टोव्ह वापरात घेण्याआधी तंत्रज्ञाला बोलवा.

इंग्लंडमधील वाचकांसाठी: तिथे ५ किलोवॅटपेक्षा मोठ्या स्टोव्हला हवेसाठी कायमचे उघडे छिद्र लागते आणि घर फार घट्ट असेल तर लहान स्टोव्हलाही लागते. गार वारा येतो म्हणून ते छिद्र कापडाने बुजवू नका.

कार्बन मोनॉक्साईड

भारतात थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशा बातम्या आपण वाचतो. त्यामागे हाच वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते, त्यामुळे फुप्फुसे हवा घेत असतात पण मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

सुरुवातीची लक्षणे फ्लूसारखी असतात: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे. ताप मात्र नसतो. घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे ही ओळखायची खूण. कुत्र्या-मांजरांनाही त्रास होतो. गरोदरपणात पोटातल्या बाळाला धोका आईपेक्षा जास्त असतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साईडने भरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनचेच समजते आणि आकडा ९८ दाखवते. शंका आली की सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९ला फोन करा. खिडक्या उघडत, स्टोव्ह विझवत आत थांबू नका. रुग्णालयात मास्कने शुद्ध ऑक्सिजन देतात. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म स्टोव्हच्या दालनात एक आणि झोपायच्या प्रत्येक मजल्यावर एक हवाच. धुराचा अलार्म वेगळा, तो याचे काम करत नाही.

कोणता प्रकार?

साध्या, आतल्या गरम हवेने धूर पुन्हा जाळणाऱ्या स्टोव्हची देखभाल सोपी असते, पण तो मंद चालवला की धुरकट होतो. उत्प्रेरक जाळी असलेला स्टोव्ह मंद आचेवरही त्यातल्या त्यात स्वच्छ जळतो. ती जाळी साफ ठेवावी लागते आणि काही वर्षांनी बदलावी लागते. ते करणार नसाल तर तो घेऊ नका. भुशाच्या गोळ्यांचा स्टोव्ह सर्वांत एकसारखा जळतो, पण त्याला वीज लागते, म्हणजे वादळात तो कामाचा नाही.

माझी स्वतःची पसंती, खर्च झेपत असेल तर, फिनलंड आणि मध्य युरोपात चालत आलेल्या दगडी किंवा विटांच्या भट्टीला आहे. दिवसातून एक-दोनदा जोरदार, स्वच्छ जाळ करायचा, मग आग विझते आणि तापलेला दगड पुढचे कित्येक तास सावकाश ऊब देतो. धुमसणे नाही, सारखे दार उघडणे नाही. वजन मात्र प्रचंड असते, त्यासाठी पायाच वेगळा घालावा लागतो. म्हणून हा निर्णय नकाशा काढतानाच घ्यायला हवा.

लाकूड

ओले लाकूड चांगल्या स्टोव्हलाही चुलीच्या पंक्तीला बसवते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. स्टोव्हसाठी ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. मेपल किंवा बर्च फोडून, वरून झाकून आणि बाजूंनी वारा खेळता ठेवून वर्षभर ठेवावे लागते, ओकला दोन वर्षे लागतात. ओलावा मोजायचे छोटे यंत्र स्वस्त मिळते. ओंडका ताजा फोडून आतल्या बाजूला ते टोचा. बाहेरून मोजले तर फसाल. रंगवलेले, रसायन लावलेले लाकूड, प्लायवूड आणि प्लास्टिक कधीही जाळू नका. जुन्या प्रक्रिया केलेल्या फळ्यांमध्ये आर्सेनिक असते.

पेटवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहा. धूर दिसत असेल तर काहीतरी चुकते आहे.

प्रमाणपत्र असले की झाले का?

अमेरिकेत मे २०२०पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हना तासाला २ ग्रॅम कणांची मर्यादा आहे. ओंडक्यांवर चाचणी केली असेल तर अडीच ग्रॅम. जुने, प्रमाणपत्र नसलेले स्टोव्ह तासाला १५ ते ३० ग्रॅम सोडत. फरक मोठा आहे आणि गावाच्या पातळीवर तो दिसतो. मोंटाना राज्यातील लिबी या गावात २००५ ते २००७ या काळात अकराशेच्या आसपास जुने स्टोव्ह बदलले. हिवाळ्यातील पीएम २.५ कमी झाले आणि मुलांच्या छातीत घरघर होण्याच्या तक्रारीही घटल्या. टास्मानियातील लॉन्सेस्टनमध्ये बऱ्याच घरांनी लाकडाची शेगडीच काढून विजेची घेतली, तेव्हा हिवाळ्यातील पीएम १०ची सरासरी ४४ मायक्रोग्रॅमवरून २७वर आली.

पण घराच्या आत काय होते? मोंटानासारख्या भागांत, स्टोव्ह असलेल्या घरांतील दमेकरी मुलांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता स्टोव्ह बदलून घरातील कण कमी झाले नाहीत. हवा गाळणारे यंत्र ठेवलेल्या घरांत मात्र ते सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. प्रयोगशाळेतला तज्ज्ञ स्टोव्ह चालवतो तसा आपण चालवत नाही, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून स्टोव्ह घेणारच असाल तर हेपा गाळणी असलेले यंत्र आणि पीएम २.५ मोजणारा छोटा मीटर त्याच अंदाजपत्रकात धरा. दार उघडताना आधी बोटभर फट ठेवून क्षणभर थांबा, मग सावकाश उघडा.

कोणाच्या घरी स्टोव्ह नको?

दमा, सीओपीडी, हृदयविकार, गरोदर स्त्री किंवा तान्हे बाळ असेल तर रोजच्या उबेसाठी लाकूड जाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हीट पंपावर घर तापवा आणि लहान स्टोव्ह वीज जाण्याच्या दिवसांपुरता ठेवा. भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांचाही विचार करा. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली असते, थंडी सोसत नाही म्हणून ते दिवसभर स्टोव्हशेजारच्या खुर्चीतच बसतात, म्हणजे सर्वांत जास्त धूर तेच घेतात. त्यांची खुर्ची लांब, हवा गाळणाऱ्या यंत्राजवळ ठेवा.

रांगणाऱ्या मुलासाठी स्टोव्हभोवती भिंतीला पक्के बसवलेले लोखंडी कुंपण लावा. काच क्षणात तळहात भाजते. पदर, ओढणी, शाल सावरूनच दार उघडा. भाजले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका. लहान मुलाचा हात, चेहरा भाजला असेल किंवा फोड आले असतील तर लगेच रुग्णालय गाठा. राखेत निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. ती झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घरापासून लांब, दगडावर ठेवा. लाकडी ओसरीवर नको.

डॉक्टरांकडे कधी जावे?

स्टोव्ह सुरू केल्यापासून रात्रीचा खोकला, छातीत घरघर, इनहेलर जास्त वेळा लागणे, चालताना छातीत जड वाटणे किंवा सकाळची डोकेदुखी असे काही सुरू झाले असेल तर डॉक्टरांना 'घरी लाकडाचा स्टोव्ह आहे' हे आपणहून सांगा. दवाखान्यात हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. किती वेळा पेटवता, दालनाला दार आहे का, अलार्म कधी वाजला का, हेही सांगा. आठवडाभर स्टोव्ह पूर्ण बंद ठेवून त्रासाची नोंद वहीत केलीत तर निदानाला मोठी मदत होते. पण छातीत दुखणे, धाप लागून बोलता न येणे, गुंगी किंवा शुद्ध हरपणे असेल तर नोंदी करत बसू नका, ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.